शंभरीच्या नाण्यावर दोन सह्या हव्यात

'युद्धात जिंकले, तहात हरले' हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही पाठ असतं. पुरंदर असो की वसई, इतिहासाच्या पुस्तकात तह आला की आपलं काहीतरी गेलं, एवढंच मनावर ठसतं. अस्पृश्यांच्या राखीव जागा ठरवणाऱ्या पुणे कराराला 24 सप्टेंबर 2032 ला शंभर वर्षं होतील, तेव्हा भारत सरकारने त्याचं नाणं काढावं आणि ते बाजारात चालवावं, असं मी मुंबईतल्या मित्रांना लिहिलं. दादरहून लगेच उत्तर आलं, "तहाचं कसलं नाणं काढतोस? नाणं विजयाचं असतं." नायगावहून आलेलं उत्तर जास्त गंभीर होतं. त्याकडे येतोच.

मी राहतो स्टुटगार्टला. इथे सुट्या पैशांत अजूनही अधूनमधून 2013 सालचं दोन युरोंचं एक नाणं हाती पडतं. त्यावर पश्चिम जर्मनीचे चान्सलर कोनराड आडेनाउअर आणि फ्रान्सचे अध्यक्ष शार्ल द गोल यांचे चेहरे आहेत, दोघांच्या सह्या आहेत आणि कराराचं नाव जर्मन आणि फ्रेंच अशा दोन्ही भाषांत आहे. 22 जानेवारी 1963 रोजी पॅरिसच्या एलिझे राजवाड्यात या दोघांनी मैत्रीच्या करारावर सही केली. त्याआधीच्या शंभर वर्षांत हे दोन देश 1870, 1914 आणि 1939 साली एकमेकांशी लढले होते. कराराच्या पन्नाशीला दोघांनी एकाच नक्षीचं नाणं आपापल्या टांकसाळीत पाडलं. सगळं गोडीगुलाबीने झालं असंही नाही. जर्मन संसदेने मंजुरी देताना अमेरिकेशी आणि नाटोशी बांधिलकी सांगणारी प्रस्तावना जोडली, आणि द गोल दुखावले गेले. तरीही करार टिकला, कारण त्याच वर्षी दोन्ही देशांनी मिळून तरुणांसाठी एक संस्था काढली आणि पुढे लाखो मुलं एकमेकांच्या देशात जाऊन राहिली, शिकली. नाणं निघालं तेव्हा दाखवण्यासारखं काम झालेलं होतं.

आणि ते नाणं लोकांच्या खिशात गेलं. आपली बहुतेक स्मारक नाणी आता डबीत बसतात. 75, 100, 125 रुपये असल्या किमतींची ती नाणी दर्शनी किमतीच्या कितीतरी पट दराने विकली जातात आणि संग्राहकांच्या कपाटात जातात. पूर्वी असं नव्हतं. 1964 ला नेहरूंचा रुपया निघाला, 1990 ला बाबासाहेबांचा, आणि ते भाजीवाल्याच्या गल्ल्यात खुळखुळले. अगदी 2015 लाही बाबासाहेबांच्या 125व्या जयंतीनिमित्त 125 रुपयांच्या नाण्याबरोबर चलनात येणारं दहाचं नाणं काढलं होतं.

दहाचं नाणं म्हटलं की मुंबईकर हसणार, हे मला माहीत आहे. दुकानदार ते घेत नाहीत, म्हणून 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं की दहाच्या नाण्याच्या चौदाही नक्षी वैध आहेत. हा आक्षेप खरा आहे. युरोपात त्यावर तोडगा आहे: दोन युरोंच्या नाण्याची एक बाजू सगळ्या देशांत सारखीच राहते, स्मारकाची नक्षी फक्त दुसऱ्या बाजूवर येते, आणि एका देशाला वर्षाला अशी दोनच नाणी काढता येतात, संयुक्त नाणी सोडून. आपल्यालाही एवढी शिस्त जमेल.

आता नायगावचं उत्तर. मित्राने लिहिलं, "ज्या करारावर बाबासाहेबांनी उपोषणाच्या दडपणाखाली सही केली, त्याचा सोहळा करायचा?" त्याचं म्हणणं बिनतोड आहे. ऑगस्ट 1932 च्या जातीय निवाड्याने, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या निर्णयाने, अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिले होते, जिथे फक्त तेच मत देणार होते. गांधीजींनी येरवड्यात प्राणांतिक उपोषण सुरू केलं आणि चार दिवसांत तो हक्क सोडावा लागला. बदल्यात संयुक्त मतदारसंघात, म्हणजे सगळ्यांनी मिळून मत द्यायच्या मतदारसंघात, प्रांतिक विधिमंडळांच्या 148 राखीव जागा मिळाल्या, त्यांपैकी सिंधसह मुंबई प्रांताच्या 15. पुढे 1945 साली बाबासाहेबांनीच या करारावर कठोर टीका केली. एलिझे कराराच्या पन्नाशीला नाणं निघालं. पुणे कराराच्या पन्नाशीला, 1982 साली, दलित नेते कांशीराम यांनी पुण्यातून निषेधाची मोहीम काढली. फ्रान्स आणि जर्मनी बरोबरीने टेबलाशी बसले होते, इथे दोन बाजू बरोबरीच्या नव्हत्या. परदेशात राहून हा फरक विसरणं मला शोभणार नाही.

तरीही मी नाण्याचा आग्रह सोडत नाही. आज लोकसभेत आणि विधानसभांत अनुसूचित जातींच्या राखीव जागांवर जे निवडून येतात, त्यांच्या वाटेची सुरुवात या कागदापासून होते. त्या वाटेवर काय गमावलं, हेही याच कागदात आहे. ज्यावरून आपण इतक्या कडवटपणे भांडत आलो, ते पाठ्यपुस्तकातल्या दोन ओळींपुरतं का ठेवायचं? रोजच्या दहाच्या नाण्यावर ते येऊ दे, म्हणजे नायगावचा मुलगा घरी विचारेल आणि मलबार हिलचाही विचारेल.

मात्र नक्षीबद्दल माझी अट आहे. त्यावर गांधीजींचा चेहरा नको. करारावर त्यांची सही नव्हतीच. अस्पृश्यांच्या वतीने डॉ. आंबेडकरांची होती, सवर्ण हिंदूंच्या वतीने मदनमोहन मालवीयांची. एलिझेच्या नाण्यासारख्या या दोनच सह्या असाव्यात, बाबासाहेबांची वर, आणि मध्ये 148 हा आकडा. मजकूर देवनागरीत 'पुणे करार 1932' एवढाच, 'गौरव' वगैरे काही नको. नाणं मुंबईच्या टांकसाळीत पाडावं. करारावर शिक्कामोर्तब करणारी परिषद दुसऱ्याच दिवशी, 25 सप्टेंबरला, मुंबईतच भरली होती.

आणि नक्षी ठरण्याआधी तिचा मसुदा आंबेडकरी संघटनांपुढे ठेवला पाहिजे. त्यांनी नको म्हटलं, तर नाणं काढू नये. माझ्या नायगावच्या मित्राला हे शेवटचं मान्य आहे, बाकीचं अजून नाही.