तुरळक म्हणजे नेमकं कुठं?

आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्यात वैशाखाच्या दिवसांत संध्याकाळ सातनंतर सुरू होते. त्याआधी रस्त्यावर दिसतो तो एकतर पाहुणा, नाहीतर वसुलीवाला. आमचा ओटा एका बंद पडलेल्या खताच्या दुकानाचा. दिवसभर असा तापतो की चहावाले आबा आधी त्यावर बादलीभर पाणी मारतात, मग आम्ही बसतो. बसल्यावरही दहा मिनिटं खालून वाफ येतच राहते.

त्या दिवशी बापू सगळ्यांच्या आधी येऊन बसला होता, तेही ओल्या ओट्यावर. तेव्हाच कळलं की काहीतरी बिनसलंय. बापूचा पिकअप आहे. एरवी केळी वाहतो, पण एप्रिल लागला की रत्नागिरीच्या तीन-चार फेऱ्या मारतो. पावसच्या एका बागायतदाराकडून हापूस आणायचा आणि इकडे ओळखीपाळखीत पेट्या पोचवायच्या, हा त्याचा जोडधंदा.

"बावीस पेट्या भिजल्या भो," तो म्हणाला. "बावीस!"

पिंट्यानं लगेच मोबाइल काढला. हा मुलगा तहान लागली तरी आधी मोबाइलमध्ये बघतो.

"अरे, मोबाइलच बघून निघालो ना मी! रत्नागिरी, ३२ डिग्री, वर पिवळा सूर्य, पावसाची शक्यता १० टक्के. पावसला गाडी भरली तेव्हा अंगातून धारा चालल्या होत्या, पण आभाळात बोटभर ढग नाही. ताडपत्री गच्च बांधली तर आंबा आतल्या आत शिजतो, म्हणून मागची बाजू मोकळी सोडली. हातखंबा, पाली, नाणीज, सगळं कोरडंठाक. दाभोळं सोडलं अन समोर बघतो तर डोंगरावर नुसता काळा काढा! साखरप्यात गाडी थांबवून ताडपत्री ओढेस्तोवर झालं होतं जे व्हायचं ते."

"गावाचं नावच पावस, अन तू ताडपत्री मोकळी सोडतो?" नाना म्हणाले. नानांची केळीची बाग आहे. दुसऱ्याच्या नुकसानीवर त्यांना फार लवकर विनोद सुचतो.

बापूनं खिशातून एक आंबा काढून ओट्यावर ठेवला. लांबून लाखात एक. जवळ घेतला तर देठापाशी तुरीच्या डाळीएवढे काळे ठिपके, एकमेकांकडे सरकत निघालेले. मी अंगठ्यानं जरा दाबलं. साल आत गेली ती गेलीच, वर आली नाही. पेटीतला पेंढा एकदा भिजला की असंच होतं म्हणे. आता बागायतदार म्हणतो, त्या दिवशी रत्नागिरीत पाऊसच नाही, नोंद शून्य आहे, तू गाडी कुठं धुतली ते मला काय माहीत.

एवढ्यात सर आले. सर भूगोल शिकवतात, आणि ओट्यावर आल्यावरही तास संपला असं त्यांना वाटत नाही. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, "अंदाज चुकलेला नाही बापू. तू भलताच अंदाज वाचला." मग त्यांनी आपल्या मोबाइलवर हवामान खात्याचा त्या दिवशीचा जिल्हावार इशारा काढून दाखवला. रत्नागिरी पिवळ्या रंगात, आणि खाली ओळ: तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह हलका पाऊस.

"बघितलं? सांगितलेलं होतं."

"तुरळक ठिकाणी!" बापू उसळला. "तुरळक म्हणजे नेमकं कुठं? साखरप्यात का संगमेश्वरात? अहो सर, तुरळक तर आपल्या लग्नाच्या पत्रिकेत पण लिहिता येईल. तुरळक ठिकाणी जेवण!"

सगळे हसले, सरही हसले, पण तास सोडला नाही. तुरळक हा मोजलेला शब्द आहे म्हणाले. त्या भागातल्या नोंद घेणाऱ्या ठिकाणांपैकी २५ टक्क्यांपर्यंत ठिकाणी पाऊस पडणार असेल तर 'तुरळक'. २६ ते ५० टक्के असेल तर 'काही ठिकाणी', ५१ ते ७५ 'बऱ्याच ठिकाणी', आणि त्याच्यावर 'बहुतांश'. मी इतकी वर्षं बातम्यांत हे ऐकत आलो आणि मला वाटायचं, निवेदिका बाई तेच तेच बोलायचा कंटाळा येऊन शब्द बदलतात.

"म्हणजे चार गावांतल्या एका गावात," नाना म्हणाले. "अन ते गाव कोणतं, ते तुमचं तुम्ही हुडका."

"कोकणात ते हुडकता येतं नाना, थोडंफार." सरांनी चहाच्या ग्लासाखालचं पाणी बोटानं ओढून ओट्यावर उभी रेघ काढली. "हा समुद्र." शेजारी दुसरी. "हा सह्याद्री. मध्ये अंतर किती? पन्नास-साठ किलोमीटर. आपलं चोपडा ते जळगाव समजा. तेवढ्यात खाडी आली, कातळाचा सडा आला, आंब्याच्या बागा आल्या, घाटाचा पायथा आला. सकाळी जमीन तापायला लागली की दुपारी समुद्रावरून वारा आत सुटतो, खारा वारा. तो ओला असतो. डोंगरापाशी पोचला की त्याला वर चढावंच लागतं. अन वरून, देशावरून, कोरडा तापलेला वारा येत असतो. दोघांची गाठ पडते घाटमाथ्यावर. तिथं ढग उभा राहतो. चार-पाच वाजता गडगडाट सुरू. तेव्हा पावसच्या किनाऱ्यावर माणूस घाम पुसत सूर्यास्त बघत असतो."

समुद्राची रेघ तोवर वाळून गेली होती. सरांनी ती परत काढली.

"मग रत्नागिरीच्या वेधशाळेच्या भांड्यात साखरप्याचा पाऊस कसा पडेल? ती समुद्रकाठी. नोंद शून्य, ते खरं. तू भिजला, ते पण खरं."

हे ऐकून बापूला जरा बरं वाटलं असावं, कारण त्यानं मुरमुऱ्यांच्या भत्त्याचा पुडा पुढे सरकवला.

पण पिंट्या ऐकेना. "सर, माझं ॲप तर गल्लीचं सांगतं. बघा, 'चोपडा, बसस्टँडजवळ'."

"नाव गल्लीचं सांगतं, आकडा चौकोनाचा असतो. सगळी पृथ्वी कॉम्प्युटरमध्ये चौकोनांत कापलेली असते, एका चौकोनाला एक आकडा. आपल्या खात्याचं जगभराचं गणित परवापरवापर्यंत १२ किलोमीटरच्या चौकोनावर चालायचं. आता पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं ६ किलोमीटरचं केलं, भारत फोरकास्ट सिस्टिम, २६ मे २०२५ ला सुरू झालं. पण १२ चा चौकोन कोकणात ठेव. समुद्र ते घाट किती बसतील? चार, फार तर पाच. त्यातल्या एकात खालचा साखरपा पण आला अन वरचा आंबा घाट पण. डोंगराची धारच सपाट होऊन जाते. आपल्या तापीकाठी चालतं ते, दोन चौकोन इकडचे तिकडे झाले तरी जमीन तीच, ऊन तेच."

"ऊन तेच कसं? तिकडचं ऊन वेगळं भो," बापू म्हणाला. आता तो रंगात आला होता. "त्या दिवशी पावसला ३२ अन मी अर्धमेला. आपल्याकडे ३२ ला पोरं गोधडी मागतात."

इथं चर्चा घसरली ती उन्हावर. खान्देशात उन्हाचा विषय निघाला की प्रत्येकाला आपला आकडा दुसऱ्याहून मोठा करायचा असतो. भुसावळचा माणूस तर पारा आपल्याच घरी जन्मला असं बोलतो. सरांनी सांगितलं की उष्णतेची लाट जाहीर करायची तर साधारणपणे तापमान नेहमीपेक्षा निदान ४.५ अंशांनी चढलेलं लागतं, आणि शिवाय सपाटीवर ते निदान ४० असावं लागतं. किनाऱ्यावर मात्र ३७ ला लाट, आणि डोंगराळ भागात ३० ला.

"३७ ला लाट!" पिंट्या खाली पडायचा राहिला.

"हसू नको. तिकडे कूलर चालतो का, विचार बापूला."

बापूनं सांगितलं. बागायतदाराच्या पडवीत त्यानं मोठ्या कौतुकानं जळगावहून नेलेला कूलर लावून दिला होता. रात्रभर पंखा फिरला, पाणी जेवढं भरलं जवळजवळ तेवढंच उरलं, आणि सकाळी उशा ओल्या, अंथरूण चिकट, भिंतीला बुरशीचा वास. आमच्याकडे तोच कूलर दुपारच्याला टाकी कोरडी करतो आणि खोलीत महाबळेश्वर आणतो. हवा आधीच ओली असेल तर गवताच्या जाळीतलं पाणी उडणार कुठं, आणि अंगावरचा घाम तरी वाळणार कसा? तिथल्या ३७ चा अर्थ मला ह्या कूलरनं समजावला, सरांनी नाही. सरांना हे सांगितलं नाही.

"अन त्याच कोकणात भिरा आहे," सर म्हणाले. "रायगड जिल्हा, ताम्हिणीच्या पायथ्याशी. २८ मार्च २०१७ ला तिथं ४६.५ नोंदवलं. मार्चमध्ये! आपल्या भुसावळलासुद्धा मार्चमध्ये जमत नाही ते. तिन्ही बाजूंनी डोंगर, देशावरचा वारा खाली उतरताना आणखी तापतो, समुद्राचा वारा आतपर्यंत पोचत नाही. अन जिल्हा कोणता? अलिबागचाच. आता रायगडचा एक आकडा सांगायचा म्हटलं तर कोणता सांगशील?"

नाना मघापासून गप्प होते. ते गप्प बसले की समजावं, घरचं दुखणं निघणार. निघालंच. मागच्या वर्षी त्यांच्या पिलबागेत घड लागलेली शे-दीडशे झाडं एका वावटळीनं आडवी केली. सातपुड्याकडून आलं, पंधरा मिनिटं नाचलं आणि गेलं. विमा काढलेला होता. तर कंपनीवाला म्हणतो, तुमच्या महसूल मंडळाच्या यंत्रावर तेवढा वारा नोंदलेलाच नाही. यंत्र नानांच्या बागेपासून चांगलं दोन-अडीच कोसांवर.

"म्हणजे बघा सर, अंदाज देताना म्हणायचं 'तुरळक ठिकाणी ताशी ४० ते ५० किलोमीटर वारा', अन पैसे देताना एकच ठिकाण धरायचं, जिथं त्यांचं यंत्र! याच्यापेक्षा आमच्या भेंडवळ गावचं भाकीत बरं. आखाजीला घट मांडतात, अठरा धान्यं, मधल्या खड्ड्यात चार महिन्यांची चार ढेकळं, वर पाण्याची घागर. दुसऱ्या दिवशी वर्षाचं सगळं एका दमात सांगून मोकळे. तुमचं खातं रोज सांगून रोज शिव्या खातं."

"नाना, वर्षाचं एकदा सांगितलं की चुकलेलं कोणाच्या लक्षात राहत नाही. रोज सांगणाऱ्याचं दुसऱ्या दिवशी सकाळी उघडं पडतं," सर म्हणाले. नानांना हे पटलं नाही, पण विम्यावरचं त्यांचं बोलणं सरांनाही खोडता आलं नाही.

माझं म्हणाल तर मी त्या रात्री बराचसा बापूच्या बाजूनं होतो. शब्द मोजलेला असेल, पण गाडी भरणाऱ्याला तो मोजून सांगितलेला नाही. त्याला हवं असतं ते एवढंच: दुपारी निघू का पहाटे? त्यावर सरांनी सांगितलं की खातं तीन तासांचाही तात्काळ इशारा देतं, आणि वैशाखात घाट चढायचा तर मुळात दुपारच्या आत चढून जावं. बापू म्हणाला, स्टेअरिंग धरू का मोबाइल? यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं.

मग सरांनी अचानक विचारलं, "तुझ्या ॲपनं १० टक्के सांगितलं होतं ना? म्हणजे अशा दहा दिवसांत एक दिवस पाऊस. यंदाची ही कितवी फेरी?"

"तिसरी."

"गेल्या वर्षी?"

"चार मारल्या."

"त्याच्या आधी?"

बापूनं बोटं मोजली. "तीन." मग तो थांबला.

"झाल्या दहा. आधी कधी भिजला?"

"नाही."

आबांनी चुलीमागून खोकल्यासारखा आवाज काढला. हसले असावेत.

बापूची पुढची फेरी शुक्रवारी होती. पिंट्यानं शुक्रवार काढला: सूर्य, ३३, ५ टक्के. सरांनी आपला काढला: तुरळक. बापू म्हणाला, लागली पैज, शुक्रवारी पाऊस पडला तर आठवडाभराचा चहा माझा, नाही पडला तर सरांचा.

"कुठं पडला तर?" सर.

"घाटात."

"घाटात कुठं?"

"कुठंही पडू द्या ना!"

"कुठंही नाही. साखरप्याच्या बाजारपेठेत. अन पाऊस म्हणजे किती? २.५ मिलिमीटर पडला तर तो पावसाचा दिवस. चार थेंब मोजणार नाही."

"भांडं कोण घेऊन बसणार तिथं? रस्ता ओला झाला की पाऊस!"

"बरं, रस्ता ओला. पण कधी? खात्याचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ."

"माझा दिवस मी साखरप्यातून निघेपर्यंत."

"अन तू दोनलाच निघून गेला, आणि पाऊस पाचला आला तर?"

बापूनं विचार केला. "तर पेट्या कोरड्या," तो म्हणाला, "मग चहा मीच पाजतो."

आबांनी चूल विझवली.