पोरींना आधी पडायला शिकवा

जानेवारी ते मार्च या दिवसांत आमच्याकडच्या शाळांमधून एकसारखे फोटो येतात. मैदानात ओळीनं उभ्या मुली, समोर पांढऱ्या ड्रेसमधले प्रशिक्षक, एक मुलगी हाताच्या कडेनं कौल फोडते आहे आणि मागे 'स्वसंरक्षण शिबिर' असा बॅनर. त्या मुलींचे चेहरे पाहून मला आनंद होतो, हे आधी सांगते. शिबिर घेणाऱ्यांच्या हेतूवरही मला शंका नाही. पण मी स्वतः आठवीपासून या ना त्या मॅटवर, मातीवर, मैदानावर वाढलेली बाई आहे. कराटे शिकले, ज्युडो खेळले, तायक्वांदो केलं, लाठी फिरवली, थोडी कुस्तीही केली. त्यातलं नेमकं काय मुलीच्या कामाला येतं याबद्दल माझं मत आता पक्कं झालंय, आणि ते त्या फोटोंपेक्षा वेगळं आहे.

माझं माहेर दर्यापूर तालुक्यातलं, खारपाणपट्ट्यातलं. विहिरीचं पाणी खारट, शेतं कोरडवाहू, घरोघरी कापूस आणि तूर. तालुक्याच्या गावी शाळेत कराटेचा क्लास सुरू झाला तेव्हा नाव द्यायला मुली कमीच होत्या. आजी म्हणाली, "पोट्टीचा हात मोडला त कोन करन वो तिच्यासंग लगन?" बाबा फक्त एवढंच बोलले, "जाऊ दे तिले. सायकलनं शाळेत जाते, थे काय कमी धोक्याचं हाय?" त्यांच्या त्या एका वाक्यावर माझं पुढचं सगळं उभं आहे.

कराटेनं मला आवाज दिला. ठोसा मारताना पोटातून ओरडायचं असतं, त्याला किआई म्हणतात. आमच्यातल्या कित्येकींना पहिले काही आठवडे ओरडताच येत नव्हतं. तोंड उघडायचं आणि आवाज गळ्यातच अडायचा. 'हळू बोल', 'हसताना दात दाखवू नको' हे ऐकत मोठ्या झालेल्या मुली आम्ही. भर मैदानात, मुलांसमोर ओरडणं हीच आमची पहिली परीक्षा होती. मी घरी तुरीच्या धुऱ्यावर जाऊन ओरडण्याचा सराव करायची. आजही कुठल्याही गावात मुलींना शिकवायला उभी राहिले की मी हात-पाय नंतर हलवायला लावते, आधी ओरडायला लावते.

पण कराटेची दुसरी बाजूही सांगायला हवी. गिचिन फुनाकोशी यांनी १९२२ साली ओकिनावाहून टोकियोला नेलेली ही विद्या फार शिस्तीची आहे. आमच्या शोतोकान या कराटे शैलीत 'हेइआन शोदान' हा पहिला काता, म्हणजे ठरलेल्या क्रमानं करायच्या २१ हालचाली. आम्ही तो इतका घोटला की झोपेतही हात त्या दिशेनं जायचे. मात्र समोरचा प्रतिस्पर्धी बहुतेक वेळा हवेतच असायचा. जोडीत सराव करतानाही मूठ समोरच्याच्या तोंडापाशी नेऊन थांबवायची, लागू द्यायची नाही. खेळ म्हणून ते योग्यच आहे, नाहीतर रोज कुणाचे तरी दात पडतील. पण मी वर्षानुवर्षं न लागणारा ठोसा मारायचा सराव केला, आणि मला कुणी खरंखुरं धरलं, दाबलं, ढकललं तर काय होतं हे माझ्या शरीराला ठाऊकच नव्हतं.

ते कळलं क्लासमध्येच. पुढे मी दुसऱ्या एका क्लासला जाऊ लागले होते. तिथले शिकवणारे 'पोझिशन दुरुस्त करायच्या' निमित्तानं हात लावायचे. कंबर सरळ कर, गुडघा वाक. आधी सगळ्यांसमोर, मग सगळे गेल्यावर. मला ब्लॉक येत होते, लाथ येत होती, माझ्या कमरेला रंगीत बेल्ट होता. तरीही त्यातलं एक काही माझ्या हातून निघालं नाही. ज्यांना क्लासच्या सुरुवातीला आणि शेवटी वाकून नमस्कार करायचा, त्यांच्यावर हात कसा उचलायचा हे कोणत्याही कात्यात नव्हतं. मी थिजून उभी राहायची. शेवटी घरी ट्यूशनची वेळ बदलली असं सांगून क्लास सोडला. तेव्हा मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पोक्सो कायदा नव्हता, तो २०१२ साली आला. हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे आणि विचार करून लिहिते आहे, कारण माझ्या मताचं मूळ इथे आहे.

शिबिरात मुलीला शिकवतात, 'अंधारात मागून कुणी अनोळखी माणसानं धरलं तर...' खरं चित्र वेगळं आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे अहवाल वर्षानुवर्षं सांगत आलेत की नोंद झालेल्या बलात्कारांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त प्रकरणांत आरोपी मुलीच्या ओळखीचाच असतो. शेजारी, नातेवाईक, लग्नाचं वचन दिलेला, शिकवणारा. गावात तर अनोळखी माणूस असतोच किती? वेचणीला जाताना बाया ज्या गाडीत बसतात तिचा ड्रायव्हर ओळखीचा, मुकादम ओळखीचा, बांधाला बांध लागून असलेला शेतकरी तर काका किंवा दादाच. गेल्या हंगामात एका तरुण मुलीनं मला विचारलं, "ताई, थो त आपलाच मानूस हाय, त्याले कसं म्हनाव?" कौल फोडून या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही.

मला उत्तराची वाट सापडली ती ज्युडोत. अमरावतीला कॉलेजला आले तेव्हा. अमरावती हे व्यायामाचं गाव आहे. १९१४ साली वैद्य बंधूंनी तिथे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केलं आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथल्याच पथकानं आपले देशी खेळ जर्मनीत करून दाखवले. त्या गावात मुलगी ट्रॅक पँटमध्ये रस्त्यानं चालली तरी कुणी वळून पाहत नाही. मला ज्युडो शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या. बाई शिकवणारी असणं काय असतं ते मला तिथे कळलं. पाळीच्या दिवसांत पांढरी पँट घालायची भीती मी शाळेत असताना कुणाला सांगूच शकले नव्हते. इथे पहिल्याच आठवड्यात मॅडमनी स्वतःहून विषय काढला, काय वापरायचं, काय करायचं, कधी विश्रांती घ्यायची ते सगळ्यांना मिळून सांगितलं आणि पुढच्या कामाला लागल्या.

ज्युडोत कुणाला फेकायला लगेच शिकवत नाहीत. आधी पडायला शिकवतात. उकेमी. हनुवटी छातीला चिकटवायची म्हणजे डोक्याची मागची बाजू जमिनीवर आदळत नाही. पाठ गोल ठेवायची. पडता पडता तळहातापासून कोपरापर्यंतचा पूर्ण हात शरीरापासून थोडा तिरका मॅटवर आपटायचा, म्हणजे धक्का एका जागी न बसता पसरतो. श्वास सोडायचा, कोंडायचा नाही. हात टेकून शरीर अडवायला जायचं नाही, मनगट नाहीतर हसळी मोडते. मागे पडणं, बाजूला पडणं, पुढे कोलांटी घेऊन उठणं. आठवडेच्या आठवडे फक्त एवढंच.

मला सुरुवातीला राग यायचा. मी बेल्टवाली मुलगी, आणि मला पडायला कसलं शिकवता? पण आम्हाला लहानपणापासून पडण्याचीच भीती घातलेली असते. पडशील, लागेल, दिसेल, लोक काय म्हणतील. रोज शंभर वेळा पडून उठणाऱ्या मुलीच्या अंगातून ती भीती निघून जाते. भीती गेली की शरीर थिजत नाही, आणि मला नेमकं तेच हवं होतं. त्याचा साधा उपयोगही झाला. लग्नानंतर पावसाळ्यात काळ्या मातीच्या रस्त्यावर गाडी घसरली, तेव्हा हनुवटी आपोआप आत गेली. खरचटलं, तेवढंच.

दुसरी गोष्ट म्हणजे पकड. ज्युडोत एकमेकांची कॉलर आणि बाही धरूनच सगळं होतं. मॅडमनी माझी पकड पाहून विचारलं होतं, "घरी काय काम करतेस?" मी म्हटलं, पऱ्हाटी, म्हणजे वेचणी संपल्यावरची कापसाची वाळकी झाडं, उपटते. आमच्या खेड्यातल्या मुलींच्या हातात ही ताकद आधीच असते. विहिरीचा दोर ओढणाऱ्या, उन्हाळ्यात पऱ्हाटी उपटणाऱ्या, गवताचा भारा डोक्यावर घेणाऱ्या या मुलींना 'तुम्ही नाजूक आहात' असं धरून शिकवणं चूक आहे. त्यांना फक्त त्या ताकदीची दिशा दाखवायची असते. समोरचा ढकलतो तेव्हा उलट ढकलायचं नाही, त्याच्याच जोरानं त्याचा तोल बिघडवायचा. जिगोरो कानो यांनी १८८२ साली ज्युडो उभा केला तो याच तत्त्वावर. आपल्याहून जड माणूस छातीवर असताना पाय रोवून कंबर उचलायची, कुशीवर वळायचं, मध्ये गुडघा घालून जागा करायची. मुलीच्या दृष्टीनं या एका गोष्टीचं मोल सगळ्या उंच लाथांपेक्षा जास्त आहे.

आणि थाप. गळा किंवा हात अडकला आणि सहन होईना की समोरच्याच्या अंगावर किंवा मॅटवर दोनदा थाप मारायची. समोरच्यानं त्या क्षणी सोडलंच पाहिजे. तो कितीही मोठा, कितीही सीनियर असो. आयुष्यात पहिल्यांदा मला अशी जागा मिळाली जिथे मी 'पुरे' म्हटलं आणि समोरचं माणूस, बाई असो की पुरुष, तिथल्या तिथे थांबलं. कारण विचारलं नाही, रुसलं नाही, 'एवढ्यात काय झालं' म्हटलं नाही. ही सवय लागलेल्या मुलीला बाहेर जेव्हा 'पुरे' म्हटल्यावर कुणी थांबत नाही, तेव्हा काहीतरी बिनसलंय हे लगेच कळतं. मला वाटतं हे मुलांनाही शिकवायला हवं, मुलींइतकंच.

तायक्वांदो मी थोडा काळ केलं. पायाला वेग आला, पण परीक्षा आणि फीमध्येच जास्त जीव गेला. लाठी मात्र आवडली. सासरी, यवतमाळ जिल्ह्यात, गावातल्या एका वयस्कर मामांकडून शिकले. इकडे रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) पिकात शिरतात, त्यामुळे बाईच्या हातात काठी असण्याचं कुणाला नवल नाही.

कुस्तीचं दुःख आहे. ज्या तालमीत पोरं दंड-बैठका मारतात तिथल्या मातीत बाईनं पाय ठेवायचा नाही असं अजूनही मानणारे आहेत. महाराष्ट्र केसरी १९६१ पासून होते. पहिली महिला महाराष्ट्र केसरी सांगलीत झाली २०२३ साली. मधली बासष्ट वर्षं आपल्या मुलींकडे ताकद नव्हती का? ज्युडोतही पुरुषांना ऑलिम्पिक १९६४ मध्ये मिळालं आणि बायकांना पदकं मिळायला १९९२ उजाडलं. रस्टी कानोकोगी ही अमेरिकन बाई १९५९ मध्ये पुरुषांमध्ये मिसळून खेळली, जिंकली, आणि बाई आहे हे कळल्यावर तिचं पदक काढून घेतलं गेलं. पुढे बायकांच्या ज्युडोसाठी सगळ्यात जास्त भांडली तीच.

'थोड्या तासांच्या शिकवणीनं काय होतं?' असं विचारणाऱ्यांसाठी एक गोष्ट. कॅनडातल्या तीन विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या सुमारे नऊशे मुलींवर अभ्यास झाला, तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला एकूण बारा तासांचं प्रशिक्षण दिलं, दुसऱ्याला फक्त माहितीपत्रकं. वर्षभरात बलात्काराचं प्रमाण दुसऱ्या गटात ९.८ टक्के होतं, प्रशिक्षण घेतलेल्यांत ५.२. म्हणजे जवळपास निम्मं. त्या बारा तासांत काय होतं? ओळखीच्या माणसाकडून येणारा धोका वेळेत ओळखणं, त्याला दुखावण्याचा संकोच बाजूला ठेवणं, मोठ्यानं नाही म्हणणं, आणि धरल्यावर सुटणं. म्हणून माझं भांडण तासांशी नाही, त्या तासांत काय शिकवतो याच्याशी आहे.

'मुलींनीच का शिकायचं, मुलांना सुधारा' हेही मला ऐकवलं जातं. मुलांना सुधाराच. दोष करणाऱ्याचाच असतो. थिजलेल्या मुलीचा कधीच नसतो आणि प्रशिक्षण न घेतलेल्या मुलीचाही नसतो. पण मुलं सुधारेपर्यंत माझ्या गावातली मुलगी तशीच राहू द्यायची का? कायदाही तिच्या बाजूनं आहे. बलात्काराच्या हेतूनं हल्ला झाला तर प्रतिकारात हल्लेखोराचा जीव गेला तरी तो स्वसंरक्षणाचा हक्क ठरतो. आधी भारतीय दंड संहितेचं कलम १०० होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ३८ आहे. हे किती शाळांत सांगतात?

मी आता सासरच्या अंगणात संध्याकाळी मुलींना शिकवते. मॅट महाग, म्हणून पोत्यांमध्ये सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, भरलं, वर ताडपत्री ताणली. पडायला उत्तम झालं. पावसाळ्यात तेवढं बदलावं लागतं. लोक बोलायला लागले तेव्हा सासूबाई दारात खाट टाकून बसल्या. "मी अथीच बसतो. पाह्यतो कोन काय म्हनते थे." त्यानंतर कुणी काही म्हटलं नाही, उलट दोन मुलींच्या आयाच रोज सोडायला यायला लागल्या.

शाळांचे शिक्षक, सरपंच, ग्रामपंचायत सदस्य माझ्या ओळखीत बरेच आहेत, म्हणून थेट मागते. सरकारी शाळांतल्या सहावी ते बारावीच्या मुलींसाठी समग्र शिक्षातून तीन महिन्यांच्या आत्मरक्षा प्रशिक्षणाची तरतूद आहे. ते तीन महिने पुरे वापरा. शिकवायला बाई ठेवा. बाई मिळाली नाही तर निदान एक शिक्षिका पूर्ण वेळ मैदानात बसू द्या, आणि कुणी प्रशिक्षक मुलींना एकटं थांबवत असेल तर त्याच दिवशी विचारा. पहिला महिना ओरडणं आणि पडणं, दुसरा महिना धरल्यावर सुटणं, तिसऱ्यात ओळखीच्या माणसाला 'नाही' म्हणण्याचा सराव, जोड्या करून, मोठ्या आवाजात. कौल नाही फुटलं तरी चालेल.

आणि शिकवायला बाई कुठून आणायची असं म्हणू नका. ज्युडो, कुस्ती, कबड्डी, कराटे जिल्ह्याला-राज्याला खेळलेल्या किती तरी मुली लग्न होऊन आपल्याच गावांत सुना म्हणून आल्या आहेत. त्यांची प्रमाणपत्रं पेटीत आहेत. तुमच्या गावात कोण आहे ते घरोघरी विचारा आणि नाव मला कळवा. जी 'हो' म्हणेल तिच्या अंगणात कुटाराची पहिली गादी भरायला मी स्वतः येते.