गुडघ्याचं 'वंगण' आणि खो-खो खेळणारी मुलगी

"गुडघ्यात वंगण मोजकंच असतं. धावून, जिने चढून, दोरीउड्या मारून ते आटतं आणि गादी झिजते. तरुणपणीच कटकट आवाज येत असेल तर कॅल्शियम कमी पडलंय. डिंक खा, गादी भरून येईल. मुलींना वेळीच मैदानावरून घरी आणा." हा मजकूर मला चार व्हॉट्सॲप ग्रुपांवर आलाय. त्यातलं शेवटचं वाक्य मला सहन होत नाही. माझी भाची खो-खो खेळते. खांबाला वळसा घेताना तिचा पाय जमिनीवर रोवलेला राहिला, अंग फिरलं आणि गुडघ्याची वाटी बाहेरच्या बाजूला सरकली. घरी पहिला सल्ला हाच मिळाला.

वंगण आटत नाही. सांध्याचं अस्तर ते सतत तयार करतं आणि शोषूनही घेतं. ज्याला मजकुरात 'गादी' म्हटलंय, ती कूर्चा म्हणजे हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत थर. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. ती दाबली जाते आणि सुटते तेव्हा या वंगणातून तिला पोषण मिळतं. म्हणजे हालचाल तिचं अन्न आहे. 2017 साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा गुडघ्याची किंवा खुब्याची झीज हौशी धावपटूंमध्ये 3.5 टक्के, न धावणाऱ्यांमध्ये 10.2 टक्के आणि स्पर्धात्मक धावणाऱ्यांमध्ये 13.3 टक्के आढळली. अतिरेकाची भीती अगदीच खोटी नाही, पण साधं धावणं गुन्हेगार ठरत नाही.

कॅल्शियम हाडांसाठी हवं. कूर्चेत मुख्यतः पाणी आणि कोलॅजन असतं. नुसता आवाज येतो, दुखत नाही, सूज नाही, गुडघा अडकत नाही, तर तो बहुतेक वेळा निरुपद्रवी असतो.

व्हॉट्सॲपच्या त्या मजकुरात गुडघ्याच्या घडणीबद्दल एक शब्दही नाही. मांडीच्या हाडाला पुढच्या बाजूला एक खाच असते आणि वाटी तिच्यातून वरखाली सरकते. काहींची खाच जन्मतःच उथळ, कधी जवळजवळ सपाट असते. फ्रान्समधल्या लियाँचे हाडांचे शल्यविशारद आँरी देजूर यांनी वाटी निसटणाऱ्या रुग्णांमध्ये हेच बारकाईने दाखवलं. काहींची वाटी नेहमीपेक्षा वर बसते. मग पाय सरळ असताना तिला हाडाची अडवणूकच नसते, आणि वाकवताना ती खाचेत उशिरा शिरते. काहींमध्ये वाटीचा स्नायुबंध नडगीच्या हाडावर जिथे जोडलेला असतो ती जागा खाचेच्या मानाने बाहेर असते. हे अंतर 20 मिलिमीटरच्या पुढे गेलं की शल्यविशारद गंभीरपणे घेतात. अशी वाटी निसटून परत बसताना तिची आतली कड मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या उंचवट्यावर घासते आणि कूर्चेचा तुकडाच उडू शकतो.

घडणीतले आणखी दोष आहेत. पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले असले की भार आतल्या बाजूला जास्त पडतो. 2001 च्या एका अभ्यासात, आधीच झीज असलेल्या अशा गुडघ्यांत आतल्या बाजूची झीज वाढण्याची शक्यता चौपट दिसली. काहींचा बाहेरचा मेनिस्कस (सांध्यात दोन हाडांमध्ये असणारी लवचिक उशी) चंद्रकोरीऐवजी चकतीसारखा असतो, आशियाई लोकांत तर जास्तच, आणि तो लवकर फाटतो. अर्थात अशी घडण असलेल्या प्रत्येकाला इजा होतेच असं नाही.

भाचीची खाच उथळ आणि वाटी उंच निघाली. तिची आई, माझी ताई, तीन महिने स्वतःला दोष देत होती: लहानपणी पोरीला दूध कमी पाजलं म्हणून. तो दोष तिचा नव्हता, आणि मैदानाचाही नव्हता.

डिंकाचे लाडू मलाही आवडतात, पण उडालेली कूर्चा त्यांनी भरत नाही. ती स्वतःहून नीट भरूनच येत नाही, म्हणून वेळ महत्त्वाचा. वाटी एकदा सरकली आणि काही तासांतच गुडघा टम्म फुगला, तर आत रक्त साचलेलं असू शकतं. साध्या एक्स-रेत कूर्चा दिसत नाही; बाजूने काढलेल्या एक्स-रेत वाटीची उंची कळते आणि एमआरआयमध्ये खाच, कूर्चा दोन्ही दिसतात. हाडांच्या डॉक्टरांना हेच विचारा: "हिच्या वाटीची उंची आणि खाचेची खोली पाहिलीत का?"