बावीस हजार कड्या आणि एक मुंगी

हार्डवेअरच्या दुकानात मी सोळा नंबरची जी.आय. तार मागितली, तेव्हा शेठनी वहीतून डोकं न काढताच विचारलं, "कबुतरांसाठी का?"

डोंबिवलीत तार मागणाऱ्या माणसाचा वैरी कबुतरच असणार, त्यात शेठचं काही चुकलं नाही. मी म्हटलं, "नाही हो, जरा वेगळं काम आहे."

"बाल्कनी केवढी?"

"बेचाळीस."

"बेचाळीस फूट?" आता मात्र डोकं वर आलं.

"इंच. छाती. चिलखत करायचंय."

शेठनी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग छातीकडे आणि शेवटी, जरा जास्तच वेळ, पोटाकडे. मग आतल्या पोऱ्याला हाक मारून म्हणाले, "बारा किलो काढ रे. कमी पडण्यापेक्षा उरलेली बरी."

माणसाला पन्नाशीच्या आसपास काही ना काही होतंच. कोणी मॅरेथॉन धावायला लागतं, कोणी गच्चीवर वांगी लावतं. मला लोखंड झालं. सुरुवात एका शिरस्त्राणापासून झाली. जुन्या धाटणीची चिलखतं, टोप आणि तलवारी बनवून परदेशी पाठवणारे कारखाने देहराडूनला आहेत. तिथून मी टोप मागवला. वर टोक, पुढे नाकपट्टी, मागे मानेवर रुळणारी कड्यांची झालर. माप अर्थातच परदेशी डोक्याचं. पहिल्यांदा घातला तेव्हा नाकपट्टी वरच्या ओठापर्यंत आली आणि आतून माझा आवाज हंड्यातून आल्यासारखा यायला लागला. आई म्हणाली, "आता काढ आणि दळण घेऊन ये." दळण आणलं, पण टोप राहिला. त्याच्यामागून दस्ताने आले, मग चारआईना आला. चारआईना म्हणजे चार पत्रे, एक छातीवर, एक पाठीवर आणि दोन कुशींना, काखेखाली बाक काढलेले. हे सगळं कड्यांच्या चिलखतावर बांधायचं असतं. ते चिलखतच नव्हतं. ताटं-वाट्या आणून ठेवल्या आणि जेवणच नाही, असा प्रकार.

तयार चिलखत विकत मिळतं, पण त्याची किंमत ऐकून बायकोने एकच प्रश्न विचारला, "किती कॅरेटचं?" म्हणून तार.

या वेडाचं मूळ माझ्या मते चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकात आहे. 10 नोव्हेंबर 1659, प्रतापगडाचा पायथा, खानाची मिठी आणि कट्यारीचा वार. वर्गातली बाकीची पोरं वाघनखांपाशी अडकली. मी अडकलो त्याच्या एक क्षण आधी, कट्यार अंगरख्याखालच्या चिलखतावर खरखरली तिथे. ते चिलखत नसतं तर वाघनखांची पाळी आलीच नसती. पण श्रेय बघा कसं वाटलं जातं. 2024 साली लंडनच्या संग्रहालयातून वाघनखं साताऱ्याला आली, केवढा तो सोहळा! चिलखताचं कोणी नावसुद्धा काढलं नाही. आमच्या जिरेटोपाचीही तीच गत. त्यातलं 'जिरे' म्हणजे फारसीतलं 'झिरह', कड्यांचं चिलखत. हे मी माझ्या मुलाला सांगितलं, तर तो म्हणाला, "मला इतके दिवस फोडणीचं वाटत होतं." आठवीत आहे.

तर कड्या. आठ मिलिमीटरच्या लोखंडी सळईवर तार गुंडाळायची, की लांबलचक स्प्रिंग तयार होते. ती कटरने उभी कापली की कड्या टपाटप पडतात. मग दोन पकडींनी एकेक कडी उघडायची, चार कड्यांतून ओवायची आणि टोकाला टोक भिडवून बंद करायची. प्रत्येक कडीत चार कड्या, एवढंच गणित. जुने चांगले कारागीर कडीची टोकं चपटी ठोकून, एकावर एक आणून त्यांत बारीक रिबिट मारत. माझी टोकं नुसती भिडलेली आहेत. कोणी मनापासून भोसकलं तर कड्या उघडतील. पण डोंबिवलीत मला मनापासून भोसकेल असं तूर्तास कोणी नाही. सोसायटीचे सेक्रेटरी असतील, पण त्यांचे गुडघे दुखतात.

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी बसलो. रोज रात्री जेवणानंतर तासभर, दीडशे कड्या. समोर बायको आणि आईची मालिका चालू. त्या मालिकेत एका बाईचं लग्न ठरून मोडून पुन्हा ठरेपर्यंत माझी पाठ विणून झाली. नणंदेने विष कालवलं तेव्हा मी उजव्या काखेत होतो. काखेचं काम फार किचकट, तिथे कड्यांची दिशा बदलते. विष कोणी प्यायलं ते मला आजतागायत माहीत नाही.

कड्या घरभर झाल्या. केरात कड्या, गादीत कड्या, वॉशिंग मशीनच्या गाळणीत कड्या. एका रविवारी आईच्या पोह्यांत कडी निघाली. तिने ती जिभेने बाजूला काढली, ताटाच्या कडेला मिठाशेजारी ठेवली आणि म्हणाली, "ही मोज हो. नाहीतर एक कमी पडायची." त्या कडीवर हळदीचा पिवळा डाग बसला. ती मी डाव्या खांद्यावर लावली आहे. अजून ओळखू येते.

फेब्रुवारी संपता संपता काम झालं. एकूण कड्या बावीस हजार, चुकून गिळल्या गेल्या असतील तर त्या सोडून. वजन करायला रद्दीवाल्याला वर बोलावलं. काट्याला अडकवलं, साडेदहा किलो भरलं. चारआईना आणि टोप धरून सोळा, म्हणजे गॅसचा रिकामा सिलिंडर. रद्दीवाल्याने काटा उतरवता उतरवता सांगितलं, "तारेचा भाव वेगळा, पत्र्याचा वेगळा. वेगवेगळं करून ठेवा, शनिवारी येतो." मी घाईघाईने सगळं दिवाणात टाकलं. बायकोचा मूड सुधारावा म्हणून तिला सांगितलं, की इंग्लंडात लीड्सच्या संग्रहालयात भारतातून नेलेलं हत्तीचं चिलखत आहे, उरलंसुरलंच 118 किलो भरतं. ती म्हणाली, "हत्तिणीला विचारलं होतं का कोणी, ठेवायचं कुठे?"

अनुभवाने सांगतो, चिलखत नुसतं अंगावर घालता येत नाही. कड्या कापू देत नाहीत, पण ठोसा जशाचा तसा आत पोचवतात आणि खांद्याचं सालपट काढतात. शिवाय जी.आय. तारेचा जस्ताचा काळा रंग उतरतो. चाचणीत माझा एक बनियन इतका काळा झाला की बायकोने त्याने स्कूटर पुसली, तर स्कूटरच काळी झाली. आत जाड, शिवलेलं, कापूस भरलेलं काहीतरी हवंच. जुन्या काळी बरेचसे शिपाई नुसतं तेच घालत, कड्यांचं चिलखत सगळ्यांना परवडायचं नाही. आमच्या घरात त्या वर्णनात बसणारी एकच वस्तू होती, आजीच्या लुगड्यांची गोधडी. हे आईला कसं सांगावं याचा मी चार दिवस विचार केला. पाचव्या दिवशी तिनेच गोधडी पुढ्यात टाकली. "तुझे प्रताप बघतेय मी. कातरीला हात लावू नकोस, मी बेतते." तिने जाकीट शिवलं. बाहेरून काळं कापड, आतून आजीचं हिरवं लुगडं आणि त्याचा तांबडा काठ बरोबर माझ्या पोटावर.

मुहूर्त ठरला गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेचा. सकाळी साडेपाचला मला सजवायला तीन माणसं लागली. आईने जाकिटाचे बंद बांधले. बायकोने आणि मुलाने चिलखत वर धरलं, मी खालून त्यात शिरलो. शिरताना मानेवरचे केस कड्यांत अडकतात आणि नववर्षाच्या पहाटे तोंडून नको ते शब्द येतात. मग कमरेला चामडी पट्टा आवळायचा. ही युक्ती फार महत्त्वाची. पट्टा घट्ट असला की निम्मं वजन कमरेवर येतं, नाहीतर सगळं खांद्यांवर लोंबतं. मी आवळ म्हटलं, आणि बायकोने वर्षभराचा सगळा हिशोब त्या पट्ट्यात आवळला.

फडके रोडवर पोचेपर्यंत मजा होती. लेझीम, ढोल-ताशा, नऊवारी नेसून बुलेटवर बसलेल्या मुली, त्यात मी खळखळत चाललेला. लोक फोटो काढत होते. एका छोट्या मुलीने बाबांचं बोट धरून मोठ्याने विचारलं, "बाबा, हा मोगल आहे?"

ही चिलखतवाल्यांची कायमची गोची आहे. त्या काळात टोप, कड्या, चारआईना दोन्हीकडे साधारण एकाच घडणीचे होते. कारागीर तेच, धाटणी तीच. कपाळावर चंद्रकोर रेखून गेलो असतो तरी टोपाखाली दिसली नसती. मी बाबांना हे समजावत होतो, तेवढ्यात बिल्ला लावलेले एक कार्यकर्ते धावत आले. "अहो, तुम्ही इथे काय करताय? शाहिस्तेखानाचा रथ पुढे गेला!" मी म्हटलं, मी स्वराज्याचा सरदार आहे. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "बघा, रथावर सावली आहे."

मी बाणेदारपणे नकार दिला. नऊ वाजता त्याचा पश्चात्ताप झाला. चैत्राचं ऊन आणि खाडीवरची दमट हवा. टोप इतका तापला की त्यावर घावन निघालं असतं. टोप आणि चारआईना मी मुलाकडे दिले. त्याने पाठीचा पत्रा दप्तरासारखा अडकवला आणि मित्रांत पसार झाला. उरलो मी, चिलखत आणि गोधडी. अशा अवस्थेत कार्यकर्त्यांनी, बहुधा मघाच्या प्रकाराची भरपाई म्हणून, माझ्या गळ्यात झेंडूचा हार घातला.

हारात मुंगी होती. लाल.

ती मानेवर उतरली तेव्हा मी दुर्लक्ष केलं. मग ती गळपट्टीतून आत गेली आणि दोन खांद्यांच्या मधोमध, जिथे माणसाचा स्वतःचा हात जन्मात पोचत नाही, तिथे चावली. मी पाठ खाजवली, म्हणजे बावीस हजार कड्या खाजवल्या. पाठीपर्यंत काही पोचलं नाही. विजेच्या खांबाला पाठ घासून बघितली, नुसता खळखळाट झाला. इतक्या मेहनतीने, आईच्या हातचे इतके टाके घालून, मी त्या मुंगीला काय सुरक्षित जागा करून दिली होती! ती शांतपणे खाली सरकत होती आणि दर दोन इंचांवर मुक्काम करत होती.

चिलखत एकट्याने काढायची एकच पद्धत आहे. कमरेतून पूर्ण वाकायचं, हात जमिनीकडे सोडायचे आणि अंग झटकायचं. चिलखत स्वतःच्याच वजनाने डोक्यावरून ओघळून खाली येतं. घरी मी हे कैकदा केलेलं. इथेही मिठाईच्या दुकानासमोर वाकलो, झटकलं, आणि छातीपर्यंतचं चिलखत सर्रकन माझ्या डोक्यावर येऊन थांबलं. पुढे येईना, मागे जाईना. दोन्ही हात बाह्यांत अडकलेले, डोकं कड्यांच्या पिशवीत, कंबर काटकोनात. मला दिसत होते ते फक्त लोकांचे पाय. ते जवळ येत होते.

गर्दीतून बायकोचा आवाज आला. "अहो, पट्टा! आधी पट्टा सोडा, पट्टा!"

2024 साली दांडपट्टा महाराष्ट्राचं राज्यशस्त्र झाला, तेव्हापासून हा शब्द ऐकला की लोकांचे कान टवकारतात. कोणीतरी ओरडलं, "पट्टा आहे, पट्टा! मागे व्हा, लागेल!" क्षणात ते सगळे पाय मागे सरले आणि माझ्याभोवती छान गोल रिंगण झालं. ढोलवाल्यांनी ठेका बदलला. माइकवरून मघाच्याच कार्यकर्त्यांचा आवाज, "आता आपल्यासमोर सादर होत आहे दांडपट्ट्याचं चित्तथरारक प्रात्यक्षिक!" मी आतून "नाही, नाही" म्हणत गोल फिरलो. टाळ्या पडल्या. मुंगी चावली, मी उडी मारली. शिट्ट्या पडल्या. दांडपट्टा कुठे आहे, हा प्रश्न त्या अख्ख्या गर्दीत एकालाही पडला नाही.

शेवटी बायको रिंगणात शिरली आणि पट्ट्याचं बकल उघडलं. साडेदहा किलो लोखंड खळ्ळकन रस्त्यावर पडलं. तेवढ्याने भागलं नाही. मी जाकिटाचे बंद तोडले, जाकीट उलटं करून झटकलं आणि मुंगी शोधत राहिलो. ताशा थांबला. फडके रोडवर, नववर्षाच्या सकाळी, एक सरदार बनियनवर उभा, हातात आजीचं हिरवं लुगडं. त्या शांततेत आईचा आवाज स्पष्ट ऐकू आला. ती शेजारच्या काकूंना सांगत होती, "काठ बघा अजून. रंग गेलाय कुठे?"

मुंगी सापडली नाही.

आठवड्याने मंडळाने प्रशस्तिपत्र घरी पाठवलं, 'दांडपट्टा – उत्तेजनार्थ'. सोबत निरोप होता, की मे महिन्यात मुलांचं शिबिर आहे, तर चार दिवस पट्टा शिकवाल का. मी हो म्हणून बसलोय. देहराडूनला पट्ट्याची ऑर्डरही गेली. बायकोला अजून सांगितलेलं नाही. दिवाणात आडवं लांब पातं मावेल एवढी जागा आहे, मी मोजली. फक्त एक बारकी अडचण दिसते. पट्ट्याची मूठ म्हणजे कोपराकडे येणारी लोखंडी खोळ, हात आत घातला की मनगट वळत नाही. म्हणजे खाजवायला एकच हात उरला, आणि तो डावा.