खुफूचा पिरॅमिड गुलामांनी बांधलेला नाही

इजिप्तमधला गिझाचा महापिरॅमिड फॅरो (राजा) खुफूने लाखभर गुलामांना चाबकाने झोडपून बांधून घेतला, असा मजकूर पुन्हा फिरतोय. तो चुकीचा आहे. लाखाचा आकडा ग्रीक इतिहासकार हिरोडोटसचा, तोही दोन हजार वर्षांनंतर लिहिलेला. आणि गुलाम हा शब्द त्याच्या त्या वर्णनात नाही. १९९० मध्ये पिरॅमिडजवळच कामगारांची थडगी सापडली. मोडून नीट जुळलेली हाडं सांगतात की त्यांच्यावर उपचार होत.

सर्वांत मोलाचा पुरावा २०१३ मध्ये तांबड्या समुद्राकाठी वादी अल-जर्फला मिळाला: मेरेर नावाच्या मुकादमाची पपायरसवरची (लव्हाळ्याच्या कागदावरची) रोजनिशी. तुरा या ठिकाणच्या खाणीतला चुनखडक नावेने गिझाला नेल्याच्या नोंदी तीत आहेत. कामाची सक्ती असेलही, पण ही माणसं शिधा मिळणारी इजिप्तची प्रजा होती.