‘जंगल जाळणाऱ्यांनाच काय समजावता?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, नमस्कार. इंडोनेशियातल्या पीट जमिनींच्या आगी आणि तिथले आगीवर नजर ठेवणारे गावगट यांवर मी लिहिलं होतं, त्यावर तुमची सविस्तर प्रतिक्रिया आली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पीट गडचिरोलीत नाही, तेव्हा तो दाखला इथं लागू नाही, आणि आपल्याकडे वणवा लावतात ते मोहफूल आणि तेंदूपान (विडीचं पान) गोळा करणारे गावकरीच, म्हणून त्यांना समजावत बसण्यापेक्षा गुन्हे दाखल करा, ड्रोन उडवा.

पहिल्या मुद्द्यातला अर्धा भाग मला मान्य आहे. दोन्ही आगींना मी एकाच दमात ‘वणवा’ म्हटलं, ते चुकलं. पीट म्हणजे पाण्याखाली राहिल्यामुळे पुरता न कुजलेला, हजारो वर्षं साचत आलेला झाडपाला. ती जमीन कोरडी पडली की आग तिच्या पोटात शिरते आणि वरून विझलेली दिसली तरी आत कित्येक आठवडे धुमसत राहते. आपली आग पाचोळ्यावरून धावते. चार माणसं हिरव्या डहाळ्या घेऊन वेळेत पोचली तर ती झोडपून विझवता येते.

पण ती पीट जमीन कोरडी पडली कशी, हेही बघा. 1995 मध्ये सुहार्तो सरकारनं बोर्निओ बेटावरच्या मध्य कालिमंतानच्या दलदलीत सुमारे दहा लाख हेक्टरांवर भातशेती करायचं ठरवलं. हजारो किलोमीटर कालवे खणले गेले. भात पिकला नाही, जमिनीतलं पाणी मात्र उतरलं. एल निनोच्या, म्हणजे समुद्र तापून तिकडे पाऊस ओढ देतो त्या, 2015 साली इंडोनेशियात एकूण सुमारे 26 लाख हेक्टर जळालं, त्यात पीटचा वाटा मोठा होता. जागतिक बँकेनं नुकसान 16 अब्ज डॉलर धरलं. त्यानंतर जाळण्यावरची बंदी कडक झाली, आणि तिचा फटका बसला तो फिरती शेती करणाऱ्या लहान शेतकऱ्याला. इंडोनेशियाच्याच 2009 च्या पर्यावरण कायद्यानं कुटुंबामागे दोन हेक्टरपर्यंत, भोवती आगपट्टा राखून, जाळायची मुभा दिली होती. ज्याच्याकडे यंत्र नाही, खताला पैसा नाही, त्यानं रान साफ कसं करायचं? ‘जाळू नका’ म्हणणाऱ्या फलकावर याचं उत्तर नसतं. मी तो दाखला दिला तो एवढ्यासाठी.

आता आपल्या मोहाकडे या. माझी आई चाळीस वर्षं मोहफूल वेचते. फेब्रुवारी-मार्चमध्ये झाड पान गाळतं, त्याच पाचोळ्यावर पहाटे फूल पडतं. फूल पाल्यात दडतं, पाल्यात साप असू शकतो, अस्वलही मोहावर येतं. जमीन काळी केली की पिवळं फूल लांबून दिसतं. म्हणून बुडाशी काडी लावतात. सकाळी ती आग निवांत असते. दुपारी वारा सुटतो आणि एखाद्या धुमसत्या लाकडातून ठिणगी पुढच्या पाचोळ्यात जाते. आईला मी नाक्यावरचा ‘वणवा लावणे गुन्हा आहे’ हा फलक वाचून दाखवला, तेव्हा ती म्हणाली, “आमी मोह वेचाले जातो, जंगल जाराले नाई.” तिनं फलक खोटा ठरवला नाही. तो आपल्यासाठी आहे असंच तिला वाटलं नाही.

खराटा मारा, असं सांगणं सोपं आहे. एका बाईच्या वाट्याला आठ-दहा झाडं असतात आणि पाला रोज गळतो. पहाटे चारला निघून आधी झाडायचं, मग वेचायचं, मग घरी येऊन चूल पेटवायची. हे कष्ट कुणाच्या अंगावर पडतात, हा विषय आमच्या टोल्यावर (वाडीवर) प्रथम निघाला तो बचत गटाच्या बैठकीत. तिथून पुढचं बायकांनीच ठरवलं. जंगलातल्या झाडांखाली जुनी लुगडी किंवा जाळी अंथरायची, शेजारणींनी मिळून झाडायचं. धुऱ्यावरच्या (शेताच्या बांधावरच्या) मोहाखाली जाळायचंच असेल तर भोवती हातभर रुंद पट्टा साफ करून, पाण्याची घागर जवळ ठेवून, आणि विझल्याशिवाय जागा सोडायची नाही. ग्रामसभेनं यात एकच भर घातली: आग सुटली तर जी येऊन सांगेल तिला दंड नाही.

तुमच्या गुन्ह्याच्या मुद्द्याचं माझं उत्तर या शेवटच्या ओळीत आहे. राखीव जंगलात आग लावणं 1927 च्या भारतीय वन अधिनियमानुसार गुन्हाच आहे. पण पकडलं जाण्याची भीती असली की आग सुटल्यावर माणूस गावाकडे धावत येत नाही, दुसऱ्या वाटेनं घरी जाऊन गप्प बसतो. आग झोडपून विझण्यासारखी असते तो पहिला तासच असा हातचा जातो. मागच्या उन्हाळ्यात आमच्याकडे दोनदा आग सुटली. दोन्ही वेळा लावणारीनंच येऊन हाक दिली, आणि दोन्ही वेळा ती बोडीच्या (लहान तळ्याच्या) अलीकडेच विझली. मुद्दाम जंगल पेटवणाऱ्यावर गुन्हा जरूर दाखल व्हावा, त्याबद्दल माझा वाद नाही.

ड्रोन, उपग्रह अशा वरच्या नजरेचं मोल मी कमी लेखत नाही. भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहावरून टिपलेल्या आगीची सूचना मोबाइलवर पाठवतं, ती मीही नोंदवून घेतली आहे. पण तो उपग्रह दिवसातून मोजक्याच वेळा वरून जातो आणि त्याचा एक ठिपका 375 मीटरचा. तेवढ्या जागेत टेकडी आहे, नाला आहे, पायवाट आहे. कुठून शिरायचं ते गुराख्यालाच ठाऊक असतं.

तेंदूचं दुखणं वेगळं आणि अवघड आहे. नवी पानं भरपूर फुटावीत म्हणून झुडपं छाटतात, जाळतात, आणि त्या हंगामावर घराचा वर्षाचा रोख पैसा उभा असतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावनं गावाच्या जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाल्यावर तेंदू तोडायचाच नाही असं ठरवलं. आगी आणि छाटणी ही त्यामागची कारणं होती. त्यांच्या हातात बांबूचं उत्पन्न होतं म्हणून ते झेपलं. आमच्याकडे तेवढा बांबू नाही, त्यामुळे या प्रश्नावर आमची ग्रामसभा अजून अडलेली आहे.

तुम्ही वनखात्यात नोकरी केली, आग अडवायच्या जाळरेषा आखल्या, असं लिहिलंय. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आमच्या समाजमंदिरात बैठक आहे. तुमच्या काळात आग कुठून शिरायची, कोणत्या नाल्यावर थांबायची, हे तुमच्या तोंडून बायकांना ऐकायचं आहे. जेवण आमच्याकडेच करा.