मालकाचं उत्तर: दोरी तुटली नव्हती, साहेब

नमस्कार साहेब. भरूचला तुमची होडी नांगर टाकूनही सरकत गेली, मुलं घाबरली, हे वाचून वाईट वाटलं. मनापासून माफी मागतो. सगळे सुखरूप आहात, हे महत्त्वाचं.

पण आमच्या दोरी-साखळीच्या दुकानाच्या रिव्ह्यूत एक तारा देऊन तुम्ही लिहिलंय, ‘साखळी गळ्यात मारत होते, घेतली नाही म्हणून फालतू दोरी दिली आणि जेवायला शटर ओढलं.’ यावर गप्प बसवत नाही. त्या शनिवारी तुम्ही आलात तेव्हा एक वाजून वीस मिनिटं झाली होती. दुकान एकला बंद होतं, तसं शटरवरच रंगवलेलं आहे. तरी अर्धं उघडून तुम्हाला आत घेतलं. 8 मिलिमीटरची 3 मीटर साखळी काट्यावर ठेवली, 4 किलो 200 ग्रॅम भरली. तुम्ही ती उचलून बघितलीत, परत ठेवलीत आणि हात रुमालाला पुसलेत. तुमचे मित्र म्हणाले, ‘आ तो बहु वजनदार छे, दोरडुं आपो.’ दोरडुं म्हणजे दोरी, ती त्यांनी मागितली, मी नाही सुचवली. घरी पोचलो तेव्हा सव्वादोन झाले होते, आमटी गार. ते जाऊ द्या.

सगळी साखळीच घ्या, असं मी कुठे म्हटलं? लहान होडीत एवढं वजन हाताने कोण ओढणार? नांगराला लागून 3 मीटर साखळी आणि पुढे नायलॉनची दोरी, एवढंच सांगत होतो. साखळी तळाला पडून राहते, त्यामुळे ओढ आडवी लागते आणि नांगराचे आकडे गाळात रुततात. नुसती दोरी ताणली गेली की नांगर वर उचलते. त्यात तुम्ही नेलेली पीपीची, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकची दोरी पाण्यावर तरंगते. नायलॉन बुडतो, आणि लाटेचा झटका बसला की थोडा ताणून तो सोसतो. शिवाय नुसत्या दोरीवर होडी थांबवायची तर पाण्याच्या खोलीच्या सातपट दोरी सोडावी लागते. तुम्ही 15 फूट पाणी सांगितलंत आणि 60 फूट दोरी नेलीत. भरूचला नर्मदेत समुद्राची भरती चढते. मग ते पाणी तरी 15 फूट कुठलं राहायला?

आमचं चुकलं ते असं, की पीपी आणि नायलॉनमधला फरक भाच्याने तुम्हाला सांगितला नाही. घाईत राहून गेलं. घाई कशामुळे होती, ते वर आलंच आहे. आता त्याला सांगून ठेवलंय, एखादा बोर्डही लावू.

होडीवाली गिऱ्हाइकं आमच्याकडे वर्षाला दहासुद्धा येत नाहीत, दुकान चालतं ते टेम्पोवाल्यांवर आणि मंडपवाल्यांवर. काल दांडिया बाजारातल्या एका जुन्या मंडपवाल्याने तुमचा रिव्ह्यू मोबाइलवर दाखवून विचारलं, ‘काका, तुमची दोरी तुटते का?’ साहेब, दोरी तुटली नव्हती. तुम्हीही तसं लिहिलेलं नाही, पण एक ताऱ्याखाली एवढं बारीक कोण वाचतं?

कापलेला माल परत घेत नाही, हे बिलावर छापलेलं आहे. तरी ती दोरी घेऊन या, नायलॉन बदलून देतो, फरकाचे पैसे नकोत. साखळीचे मात्र घ्यावे लागतील. तो 3 मीटरचा तुकडा अजून काउंटरखालीच आहे. फक्त एकच्या आत या.